तिसरंच टाकत गेलो

पोरांच्या शर्टांना टाचलेले ते पुठ्ठ्याचे बिल्ले अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत. पिवळ्यावर डोळा, निळ्यावर कान, लालवर हात. आमच्या चित्रकलेच्या सरांनी ते काढले होते, आणि काढले होते सुरेख, त्यामुळे बघायला येणारा प्रत्येक जण आधी वाहवाच करायचा. सहावीच्या वर्गात शिरलं की डावीकडे डोळे, मध्ये कान, आणि खिडकीच्या कडेला, जिथून फळा नुसता चमकतो आणि अक्षर दिसत नाही, तिथे हात.

मी लोणखेड्याची. शहाद्याला लागून गाव. कॉलेजं इथे असल्यामुळे सकाळी गावात गावकऱ्यांपेक्षा दप्तरंच जास्त दिसतात. घरात गुजरी, गल्लीत अहिराणी, शाळेत मराठी अशी माझी वाढ. नोकरी तालुक्यातल्याच एका शाळेत. नाव घेत नाही, कारण शाळा वाईट नाही, आणि जे झालं ते कुठेही झालं असतं. विषय गणित. पोरं निम्मी आसपासच्या खेड्यांतली, निम्मी धडगाव-मोलगीकडून वसतिगृहात आलेली, पावरा आणि भिल.

प्रशिक्षणं आम्हाला नवी नाहीत. 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा वर्णनात्मक नोंदींच्या वह्या आल्या. पुढे ज्ञानरचनावादाची लाट आली तेव्हा वर्गांच्या फरशा रंगल्या. या वेळचा विषय होता अध्ययन शैली. पोहे, चहा, हजेरीपटावर सही, आणि मग पडद्यावर मेंदूचं चित्र. साधनव्यक्ती बोलायला चांगले होते, हे कबूल करायला हवं. त्यांनी न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची गोष्ट सांगितली. हे शाळा तपासनीस. उत्तम शिक्षकाच्या वर्गातही काही मुलं कोरडी राहतात आणि सुमार शिक्षकाच्या वर्गातही काही मुलं शिकून जातात, हे कसं, हा त्यांना पडलेला प्रश्न. त्यातून 1987 मध्ये त्यांनी ‘व्हार्क’ नावाची प्रश्नावली केली. कुणी बघून शिकतो, कुणी ऐकून, कुणी वाचून-लिहून, कुणी करून. मग आम्हालाही ती भरायला दिली.

त्यात एक प्रश्न होता: कुणी अनोळखी माणसानं वाट विचारली तर तुम्ही काय कराल? नकाशा काढून द्याल, तोंडी सांगाल, लिहून द्याल, की सोबत जाल? आता आमच्याकडे कुणी कॉलेजचा रस्ता विचारला तर माणूस हातातलं काम टाकून त्याच्या गाडीवर मागे बसतो, पोहोचवून येतो आणि येताना चहा पिऊन येतो. त्या हिशोबानं अख्खं लोणखेडं कृतिशील ठरायला हवं. मी हे बोलून दाखवलं, सगळे हसले, साधनव्यक्तीही हसले आणि पुढच्या स्लाइडवर गेले.

माझं उत्तर ‘वाचन-लेखन’ आलं आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? लिहून काढल्याशिवाय माझ्या डोक्यात काही बसत नाही, हे मला आधीपासून माहीत होतं. कुणीतरी त्याला नाव दिलं याचं समाधान वाटलं. शेजारी बसलेल्या ताई म्हणाल्या, ‘मी श्राव्य. म्हणून तर मला सासूचं एकूणएक बोलणं पाठ आहे.’ दिवस मजेत गेला.

घोळ त्यानंतरचा. मुलांसाठी प्रश्नावली सोपी केली गेली. वाचन-लेखन गाळलं. ग्रामीण भागाला तीनच पुरेत, असं म्हणे वरून ठरलं. प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय: पहिला डोळ्याचा, दुसरा कानाचा, तिसरा हाताचा. सगळ्या प्रश्नांत क्रम तोच, म्हणजे तपासणाऱ्याला बेरीज सोपी. प्रश्न छापील मराठीत. ‘संग्रहालयात गेल्यावर तुला काय करायला आवडते?’ ‘नवे उपकरण मिळाल्यास तू प्रथम काय करतोस?’ सहावीतल्या पावरा पोराला संग्रहालय आणि उपकरण! एका तासात सगळा वर्ग उरकला, दुसऱ्या दिवशी बिल्ले तयार.

लाल बिल्ले कुणाला आले हे सांगायला नको. वसतिगृहातली जवळजवळ सगळी पोरं हातवाली निघाली. कानात गावातली, डोळ्यांत शिक्षकांची आणि दुकानदारांची. कुणालाही त्यात खटकण्यासारखं दिसलं नाही. उलट एक सहकारी म्हणाले, ‘बघा मॅडम, शास्त्र कसं बरोबर सांगतं. ही पोरं मुळात डोंगरातली. हातानं काम करण्यात त्यांचा हात कोण धरणार?’

मग वर्गात काय झालं ते जरा सविस्तर सांगते, कारण अहवालात ते ‘शैलीनिहाय अध्यापन’ एवढ्या दोन शब्दांत संपलं. अपूर्णांकाचा धडा. डोळ्यांना तक्ते. कानांना समजावून सांगणं आणि प्रश्नोत्तरं. हातांना चिकणमाती. मातीच्या भाकरी करायच्या, सुतळीनं त्यांचे चार भाग करायचे. कल्पना वाईट नव्हती, पण चार भाग केल्यावर पुढे काय, हे बोलायला त्यांच्यापाशी कुणीच नव्हतं, कारण बोलणं हा कानांचा कार्यक्रम. फळ्यावर तीन छेद चार कसं लिहायचं तेही नाही, कारण फळा डोळ्यांचा. तास संपला की डोळे आणि कान वहीत उदाहरणं घेऊन उठायचे, आणि हात हात धुवायला नळावर जायचे.

हळूहळू हातवाल्यांना इतर हातकामंही येऊ लागली. कुंड्यांना पाणी. पाहुणे आले की बाकं हलवणं. एकदा तपासणी होती, तर सकाळच्या परिपाठानंतर लाल बिल्लेवाले सगळे मैदान झाडायला, आणि हे सांगणाऱ्या शिक्षकांच्या तोंडावर कसलाही अपराधीपणा नाही: ‘त्यांना आवडतं ते. बसून कंटाळतात.’ मी मोठ्या सरांकडे गेले. ते म्हणाले, ‘मॅडम, एवढं मनाला लावून घेऊ नका. उपक्रम आहे, वर्षभराचा. आणि पोरं तक्रार करतायत का?’ पोरं तक्रार करत नव्हती, हे खरं. मैदान झाडताना कुणी पाढे विचारत नाही.

त्यातला एक पोरगा, धडगावकडचा. दिवाळीनंतर आई-बापाबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जाणारा. आमच्याकडे कोयत्याला जाणं म्हणतात. त्याच्या वर्णनात्मक नोंदीत लिहिलं होतं: ‘कृतिशील. गणितापेक्षा हस्तकामात रस.’ गणित मी शिकवते आणि ही नोंद माझ्या अक्षरात नव्हती. मी त्याला मधल्या सुट्टीत बोलावलं. त्याच्याशी माझं संभाषण म्हणजे थोडी मराठी, थोडी अहिराणी, आणि चार मोडके पावरी शब्द, ज्यांना तो हसतो. विचारलं, पाऊण टन ऊस म्हणजे किलो किती? तो म्हणाला, ‘साडेसातशे.’ विचार करायला थांबलासुद्धा नाही. सव्वा दोन टन? बावीसशे पन्नास. मग त्यानं आपण होऊन सांगितलं की बापानं उचल किती घेतली, ती फिटायला अजून किती टन तोडावे लागतील, आणि मुकादमानं गेल्या वर्षी कुठे घोळ घातला होता. सगळं तोंडी. बिल्ल्यावर हात, आणि पोराचे दोन्ही हात चड्डीच्या खिशात.

फळ्यावर मी तीन छेद चार लिहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, गप्प. पाऊण त्याला येत होतं. त्या आकड्यांच्या उभ्या उतरंडीला पाऊण म्हणतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मग मी त्याची प्रश्नावली मागवली. वर्गशिक्षकांच्या कपाटात गठ्ठा होताच. पहिल्या प्रश्नापासून शेवटपर्यंत तिसऱ्या चौकटीत खूण, एका ओळीत, वरून खाली, जणू पट्टी ठेवून मारलेली. विचारलं, हे कसं रे? तो म्हणाला, ‘समजलं नाही मॅडम. शेजारच्यानं तिसरं टाकलं. मीही तिसरंच टाकत गेलो.’ शेजाऱ्याचाही कागद काढला. तिसरं. त्याच्या मागच्याचाही.

म्हणजे एका बाकावरून सुरू झालेली खूण अख्ख्या रांगेत गेली, आणि आम्ही तिला मेंदूची रचना समजलो. मोठ्या सरांपुढे मी ते कागद मांडले. त्यांनी ते नीट पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘पुढच्या वर्षी पर्यायांचा क्रम बदलून घेऊ.’

त्या रात्री मी खूप वाचलं. इंग्लंडमध्ये 2004 साली फ्रँक कॉफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा शैलींच्या मांडण्या मोजल्या, तर त्या 71 भरल्या. 71! आम्हाला एकच मिळाली होती त्यात नशीबच म्हणायचं. 2008 मध्ये पॅशलर, मॅक्डॅनियल, रोरर आणि ब्यॉर्क या चार अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी सरळ प्रश्न विचारला: हे खरं असेल तर सिद्ध कसं होईल? डोळेवाल्यांतल्या निम्म्यांना दाखवून आणि निम्म्यांना ऐकवून शिकवा, कानवाल्यांचंही तसंच करा, आणि सगळ्यांची एकच परीक्षा घ्या. डोळेवाले दाखवल्यानं पुढे गेले आणि कानवाले ऐकवल्यानं, तरच दावा खरा. असा नीट तपास फार थोड्यांनी केला होता, आणि ज्यांनी केला त्यांतल्या बहुतेकांच्या हाती दाव्याला आधार देईल असं काही लागलं नव्हतं. माणसाला आवड असते, ती तो सांगतोही. पण आवडीप्रमाणे शिकवलं म्हणून जास्त येतं, याला पुरेसा पुरावा नाही. हॉवर्ड गार्डनर यांचं नाव आमच्या प्रशिक्षणात दहादा घेतलं गेलं, पण त्यांनी स्वतःच पुढे खुलासा केला आहे की 1983 मध्ये त्यांनी मांडलेल्या बहुविध बुद्धिमत्ता आणि या शैली एक नव्हेत.

वाचून मी खूश झाले. सूड उगवल्यासारखी. मग आजी आठवली आणि जरा गडबड झाली.

आमच्या अंगणात मिरच्यांचे ढीग पडायचे आणि आम्ही पोरी आजीबरोबर देठं खुडायला बसायचो. आजीला अक्षर येत नव्हतं, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तिला तिच्या बापाकडून तोंडपाठ होती. खुडता खुडता ती मध्येच कुणाकडे तरी बघून विचारायची: ‘तेरा सत्ते?’ उत्तर चुकलं तर सगळा पाढा पुन्हा. बोटं जळत असायची, डोळ्यांत पाणी, आणि तोंडानं एक्याण्णव. मी त्या वेळी कोण होते? कान? हात? आज मी लिहिल्याशिवाय कळत नाही म्हणते, पण माझं जे गणित सर्वांत पक्कं आहे त्यातलं एक अक्षर मी लिहून शिकले नाही. आजी जे करत होती ते रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रयोग करून दाखवलं. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे असतात; पुस्तक मिटून आठवणारे आठवड्यानं पुढे जातात. तिथे कुणाचा बिल्ला कुठला, हे विचारावं लागलं नाही.

तरीसुद्धा लिहून काढलं की मला बरं वाटतं. ते मी सोडणार नाही.

वस्तू हातात देऊन शिकवणं काही नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं. आदिवासी पोरं गुरांमागे जातात म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. दगड, पानं, बिया मोजायला घेतल्या. पण म्हणून ही पोरं दगडातूनच शिकतात, अक्षर त्यांना नको, असं त्या म्हणाल्या नाहीत. हा फरक आम्हाला प्रशिक्षणात कुणी सांगितला नाही. आणि आमच्या पोरांची खरी अडचण भाषेची. नवं शैक्षणिक धोरण 2020 मध्ये आलं, त्यातही जिथे शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा असं म्हटलंय. पावरीत शिकवणारा शिक्षक आणायचा तर पद मंजूर करावं लागतं. बिल्ल्याला पुठ्ठा पुरतो.

शैलींवरचं हे संशोधन मी स्टाफरूममध्ये सांगितलं आणि त्याचा परिणाम भलताच झाला. जे सहकारी शास्त्राची थोरवी सांगत होते, तेच म्हणाले, ‘म्हणजे शैली-बिली काही नसतं ना? मग आपला खडू-फळा बरा.’ आणि दुसऱ्या दिवसापासून बिल्लेही गेले, मातीही गेली, तक्तेही गेले. तेव्हा मला वाटलं, आपण उगाच बोललो. ते बिल्ले चुकीचेच होते. पण ते लागले होते तेवढ्या महिन्यांत आमच्या स्टाफरूममध्ये पगार, बदल्या आणि निवडणुकीची ड्यूटी सोडून पहिल्यांदा ‘हा पोरगा कसा शिकतो’ असं बोलणं चाललं होतं. खोट्या निमित्तानं का होईना. आता परत निवडणुकीची ड्यूटी.

त्या पोराची नोंद बदलून घ्यायला मी वर्गशिक्षकांच्या मागे लागले. ते म्हणाले, सत्राच्या नोंदी वर गेल्या. मी माझ्या विषयाच्या रकान्यात लिहिलं: ‘तोंडी गणितात वर्गात पहिला. लेखी चिन्हांचा सराव हवा.’ आता दोन्ही वाक्यं एकाच पानावर आहेत, एकाखाली एक.

शास्त्राची थोरवी सांगणाऱ्या त्याच सहकाऱ्यांनी मला परवा विचारलं, ‘मग तुम्ही वर्गात करता तरी काय?’ म्हटलं, सगळ्यांना सगळं. पाऊणकी सगळ्यांच्या तोंडून, माती सगळ्यांच्या हातात, फळ्यावर लिहायला सगळ्यांना पाळीपाळीनं, आणि टनाचा हिशोब त्या पोरानं उभं राहून बाकीच्यांना समजावायचा, त्याच्या भाषेत, मग मराठीत. नकाशा बघायलाच लागतो आणि उच्चार ऐकायलाच लागतो. ते विषय ठरवतो, पोराचा शर्ट नाही.

‘अन् पोर्शन कधी संपतो?’

नाही संपत, म्हटलं. मार्चमध्ये धावाधाव होते. या वर्षी भूमितीची दोन प्रकरणं राहिली, आणि त्यांसाठी त्यांच्याच तासिका मागून घेतल्या आहेत मी, म्हणून ते विचारत होते.