हिवाळ्यातले पेस्तुम
दक्षिण इटलीतील प्राचीन अवशेष पाहावेत ते हिवाळ्यातच. उन्हाळी गर्दी ओसरलेली असते, नेपल्सहून दक्षिणेकडे जाणारे रस्तेही मोकळे मिळतात. या वाटेवर पेस्तुमला सर्वाधिक वेळ द्यावा. इ.स.पू. ६०० च्या सुमारास ग्रीकांनी वसवलेल्या या नगराचे मूळ नाव पोसिडोनिया. इथली तीन डोरिक मंदिरे विलक्षण शाबूत आहेत; सर्वांत जुन्या मंदिराचे मधोमध फुगीर खांब तर कितीही वेळ पाहावेत. संग्रहालयात १९६८ साली सापडलेले थडगे आहे. त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्यात सूर मारणारा तरुण रंगवला आहे. प्राचीन ग्रीक चित्रकला जवळजवळ नष्ट झाली, म्हणून हे चित्र अनमोल. पुढे आयोनियन किनाऱ्यावर, मेतापोंतोत, हेरा देवीच्या मंदिराचे १५ खांब अजून उभे आहेत.