उघडून पाहिलेला बॅकअप

घरच्या संगणकाला बाहेरची हार्ड डिस्क जोडून मी नेमाने बॅकअप घेते. ही सवय मुरत गेली तसं माझं एक मत पक्कं होत गेलं: बॅकअप परत उतरवून, त्यातल्या फाइली उघडून पाहिल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नये. काम संपलं की पडद्यावर हिरवी खूण येते. तिचा अर्थ एवढाच, की प्रोग्रॅमला जे सांगितलं ते त्याने केलं. सांगताना आपल्याकडूनच काही राहिलं असेल तर ते त्या बिचाऱ्याला कसं कळावं? विंडोजमधली फाइल हिस्टरी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरावीक जागांचीच काळजी घेते. आपल्याकडे पुष्कळ घरांत मात्र महत्त्वाचं सगळं ‘डी’ ड्राइव्हवर असतं, कारण ‘सी’ केव्हाही फॉरमॅट करावा लागेल अशी धास्ती दुरुस्तीवाल्याने घालून दिलेली असते. ते फोल्डर आपण मुद्दाम जोडून दिलं नाही, तर बॅकअप दर तासाला यशस्वी होतो आणि त्यात नेमकं हवं तेच नसतं.

हे जाणत्यांच्या बाबतीतही घडलेलं आहे. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’चं काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाचा मोठा भाग सर्व्हरवरून पुसला गेला. बॅकअप होते, पण ते नीट होत नव्हते, आणि हे तोवर कोणाच्याच ध्यानात आलेलं नव्हतं. शेवटी चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन यांच्यामुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. पुढे ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने भलत्याच सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअप घेणारा प्रोग्रॅम डेटाबेसच्या ९.६ आवृत्तीसाठी ९.२ची साधनं वापरत होता, त्यामुळे तो रोज फसत होता. फसल्याचे ईमेलही पाठवले जात होते, पण ते वाटेतच नाकारले जात होते. उपयोगी पडली ती सुमारे ६ तास आधी वेगळ्याच कामासाठी घेतलेली प्रत. दोन्ही ठिकाणी माणसं हुशार होती, यंत्रणा उभी होती. वेळ येण्याआधी ती परत उतरवून कोणी पाहिली नव्हती, एवढंच.

यावर कोणी म्हणेल, त्या कंपन्या, आपलं घर. आपल्याकडे चार फोटो आणि गॅसची बिलं. पण मराठी घरातल्या जुन्या संगणकाची एक खास अडचण आहे, आणि ती कुठल्याच बॅकअप प्रोग्रॅमला दिसत नाही. युनिकोड रुळण्याआधी, आणि छपाईच्या कामात तर त्यानंतरही कितीतरी वर्षं, मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टांमध्ये टाइप होत असे. या फाइलींत खरं तर रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचेच क्रमांक साठवलेले असतात. त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. आजोबांच्या आठवणी, वंशावळ, एखाद्या संस्थेची इतिवृत्तं अशा फाइलींत असतात. फाइल डिस्कवर तंतोतंत उतरते, एक बाइटही इकडचा तिकडे होत नाही, आणि दुसऱ्या संगणकावर उघडली की रोमन अक्षरांची नुसती खिचडी दिसते, कारण फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमध्येच मागे राहिला. म्हणूनच मूळ संगणकावर केलेली तपासणी मी तपासणी मानत नाही. तिथे फॉन्ट असतोच, सगळं छान दिसतं. परक्या संगणकावर उघडलं की लगेच कळतं की फॉन्टही सोबत घ्यायला हवा, आणि शक्य असेल तिथे मजकूर युनिकोडमध्ये आणून एक पीडीएफही करून ठेवायला हवी. कुलूपबंद डिस्कचंही तसंच. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की ज्या संगणकात ठेवली तोच बंद पडला, तर डिस्क शाबूत असून उपयोग नाही.

वेळेची तक्रार मला फारशी पटत नाही. सगळं उतरवायची गरज नसते. सर्वांत जुनी फाइल, सर्वांत मोठी फाइल, एखादी मराठी नावाची आणि एखादी हिशेबाची, एवढ्या उघडल्या तरी पुष्कळ समजतं. मोठी अशासाठी, की जुन्या ड्राइव्हवर फॅट३२ची रचना असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल तिच्यावर मावतच नाही, आणि घरातल्या लग्नाचा व्हिडिओ सहज तेवढा असतो. उतरवताना मात्र नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये उतरवावं, मूळ फाइलींवर कधीच नाही.

एक आक्षेप मात्र मला मान्य करावा लागतो. दुसऱ्याच्या संगणकाला डिस्क जोडणं म्हणजे त्याच्यातला व्हायरस घरी आणणं. मे २०१७ मधल्या वॉनाक्रायसारखे खंडणीखोर प्रोग्रॅम जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद करतात, तेव्हा तपासणीच्या नादात बॅकअपच गमवायची वेळ येऊ शकते. सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात हा प्रयोग करूच नये. मी निवडक फाइली एका पेन ड्राइव्हवर बॅकअपमधून उतरवते आणि तोच घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघते. मुख्य डिस्क काढून कपाटात गेलेली असते. पेन ड्राइव्ह बिघडला तर बिघडू दे, तो पुसून पुन्हा वापरता येतो.