पात्रता आणि ऐपत

'पात्र' हा शब्द मराठीने फार उदारपणे वापरला आहे. पाणी ठेवायचे भांडे ते पात्र, नदी वाहते तेही पात्र, नाटकात वावरते ते पात्र आणि पदाला लायक असणारा माणूसही पात्रच. निवडणूक कायद्याच्या मराठीत यातला शेवटचा अर्थ तेवढा उरला आहे. तो वाचताना मला मात्र पहिला आठवत राहतो; भांड्यात किती मावेल हे शेवटी भांड्याच्या आकारावर ठरते.

आमच्या आंजर्ल्यात ग्रामपंचायतीचा सदस्य व्हायचे तर अटी पुष्कळ. १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या अपत्यजन्माने मुलांची संख्या दोनच्या वर गेलेली नसावी, घरी शौचालय असावे, त्याचा वापर होत असावा. जन्म १ जानेवारी १९९५ नंतरचा असेल तर निदान सातवी उत्तीर्ण असावे. दापोली मतदारसंघातून आमदारकीला उभे राहणाऱ्यास यातले काहीच लागत नाही. वय २५ पूर्ण, राज्यात कुठेतरी मतदारयादीत नाव, १० हजार रुपये अनामत (अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास निम्मी) आणि शपथपत्र. संपत्ती, कर्ज, शिक्षण आणि खटले यांची ही जाहीर कबुली सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे आली. म्हणजे गावच्या पायरीशी कायदा करडा आणि विधिमंडळाच्या दाराशी उदार.

हे मी वर्गात सांगितले, तेव्हा हर्णै बंदरावर मासळी विकणाऱ्या बाईंच्या मुलीने विचारले, "अनामत आई उभी करील, सर. वरचे पैसे?"

वरच्या पैशांविषयी कायदा एवढेच म्हणतो, की महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराने ४० लाखांहून अधिक खर्च करू नये. २०२२ पासून ही मर्यादा आहे. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. पण पक्षाने स्वतःच्या सर्वसाधारण प्रचारावर केलेला खर्च आणि नामांकित प्रचारकांचा प्रवासखर्च त्या हिशेबात येत नाही. पक्षाच्या खर्चाला तर मर्यादाच नाही. पक्षाला २० हजारांपर्यंत देणगी देणाऱ्याचे नाव आयोगाला कळवावे लागत नाही. देणगीदाराचे नाव झाकणारे निवडणूक रोखे न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले, ही समाधानाची गोष्ट खरी; पण त्याने त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. कायद्याने वरची रेघ आखली आहे. खालची रेघ गाड्या, मंडप आणि कार्यकर्त्यांचे जेवणखाण आखत असते.

आंजर्ल्याशेजारच्या मुर्डीत जन्मलेले रँग्लर र. पु. परांजपे १९२१ ते १९२३ या काळात मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री होते. त्या काळी मतदानाचा हक्कच शेतसारा, प्राप्तिकर अशा अटींनी बांधलेला होता. ऐपत नसलेल्याला मत नाही, हे निदान स्वच्छ अक्षरांत लिहिलेले असे. प्रौढ मताधिकाराने ती भिंत मतदारापुरती पाडली. आज ती उमेदवारापुढे उभी आहे, आणि कुठल्याच कलमात लिहिलेली नसल्यामुळे तिच्याविरुद्ध दाद मागायची कुठे, हेही कळत नाही.

त्या मुलीला मी म्हणालो, "कायद्याने तुझी आई पात्र आहे." ती म्हणाली, "मग पक्ष तिला विचारील का?" मराठीचा प्राध्यापक म्हणून मला 'पात्र' शब्दाचे चार अर्थ सांगता येतात. तिने पाचवा विचारला होता.