नाहाकडे, पश्चिमेकडून

नकाशावर जपान पाहून नाहा शोधायला निघालं, तर बोट बरंच खाली आणावं लागतं. क्युशू संपतं, मग बेटांची विरळ ओळ लागते, आणि तैवान दिसायला लागलं की ओकिनावा बेट आणि त्यावरचं नाहा हाती येतं. नाहाहून टोकियो दीड हजार किलोमीटरांहून लांब, तायपेई मात्र जेमतेम साडेसहाशे. कराटे शिकायला तिकडं निघालेल्या प्रत्येकानं तिकिटाआधी हा नकाशा पाहावा असं मला मनापासून वाटतं. आपण सवयीनं टोकियोमार्गे जायचं ठरवतो. ही विद्या मात्र त्या बाजूनं आलेली नाही.

तिच्या मोठ्या शाखा पश्चिमेकडून आल्या. चीनच्या फुज्यान प्रांतातल्या फुजो बंदराशी र्युक्यू राज्याची, म्हणजे आजच्या ओकिनावाची, नजराण्याची जहाजं शतकानुशतकं ये-जा करत. हिवाळ्यात ईशान्येचा वारा धरून जायचं आणि उन्हाळ्यात नैऋत्येचा वारा सुटला की परतायचं. आपल्या कोकणातली गलबतं ज्या मोसमी वाऱ्यांचा हिशेब करत, त्यांचाच हा दूरचा पदर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाहाचे कान्रियो हिगाओन्ना फुजोला गेले, तिथं राहून शिकले आणि परतले. त्यांचे शिष्य चोजुन मियागी यांनी पुढं गोजू-र्यू ही कराटेची शैली उभी केली. १८९७ मध्ये उएची-र्यू शैलीचे प्रवर्तक कानबुन उएची गेले, ते दहाहून अधिक वर्षं राहिले. निघताना त्यांना परतीची तारीख ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. आपल्याला ती व्हिसाच्या अर्जासोबतच द्यावी लागते. म्हणून आपल्या हाती असलेले थोडे दिवस तरी धड मिळावेत, यासाठी विमानांची आखणी मी काता, म्हणजे हालचालींची ठरावीक मालिका, बसवताना घ्यावी तेवढ्या काळजीनं करतो.

आखणी सुरू करायची ती पहिल्या सरावापासून, उलट्या क्रमानं. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं. संध्याकाळी सातचा वर्ग आपल्या दुपारी साडेतीनला पडतो, तो निभतो. पण सेन्सेईंनी, म्हणजे गुरूंनी, पहाटे सहाला बोलावलं, तर शरीराच्या लेखी रात्रीचे अडीच वाजलेले असतात. त्यात मुंबईहून नाहाला थेट विमान नाही. रात्रभर बसून घोटे सुजलेले, मांड्या आखडलेल्या, आणि अशा पायांवर सांचिनमध्ये उभं राहायचं. सांचिन ही दिसायला अगदी साधी काता, दोनचार पावलांची. पण पायाचे अंगठे जमीन धरतायत का, श्वास ओटीपोटापर्यंत उतरतोय का, हे शिकवणारा माणूस पाठीवर, खांद्यांवर, मांड्यांवर हात मारून तपासतो. इतक्या लांब जायचं ते याच तपासणीसाठी. त्या हाताला थकलेलं शरीर देणं हा मला अनादर वाटतो. म्हणून पोचण्याचा दिवस आणि पहिला सराव यांत एक पूर्ण दिवस मोकळा ठेवायचा, तिकीट त्यापायी महाग झालं तरी.

टोकियोमार्गे जायचं तर दोन गोष्टी पाहाव्यात. जपानमधल्या पहिल्या विमानतळावरच सामान ताब्यात घेऊन कस्टममधून न्यावं लागतं आणि देशांतर्गत विमानासाठी पुन्हा द्यावं लागतं. शिवाय आंतरराष्ट्रीय विमान नारिताला उतरून नाहाचं विमान हानेदाहून असेल, तर मध्ये सत्तर-ऐंशी किलोमीटरचं शहर आडवं येतं. तायपेई किंवा हाँगकाँगमार्गे गेलं तर हे टळतं, फक्त सगळा प्रवास एकाच पीएनआरवर हवा. स्वस्तात मिळतात म्हणून दोन वेगळी तिकिटं जोडली, की सामान घ्यायला मधल्या ठिकाणी बाहेर पडावं लागू शकतं, आणि तिथं वेगळ्या परवानगीचा प्रश्न उभा राहतो.

महिना कोणता, हे तर वाराच ठरवतो, आजही. मेच्या सुट्टीत पोरांना घेऊन जावं असं अनेक क्लासवाल्यांच्या मनात येतं, पण मेच्या मध्यापासून जूनच्या अखेरीपर्यंत तिथं पावसाळा असतो. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत टायफून येतात, आणि एक टायफून बेटावर रेंगाळला की विमानं दिवसच्या दिवस उडत नाहीत. दिवाळीची सुट्टी मला सगळ्यांत योग्य वाटते. ऊन सौम्य झालेलं असतं, आणि सुट्टी लवकर आली तर २५ ऑक्टोबरचा तिथला कराटे दिनही गाठता येतो. तरीही वाऱ्याचा भरवसा नाही, म्हणून परतीच्या मोठ्या विमानाआधी दोन दिवस हाताशी असावेत. ते वाया जात नाहीत. विमानतळापासून जवळच, तोमिगुसुकुला, २०१७ मध्ये उघडलेलं ओकिनावा कराटे काइकान आहे. परदेशातून आलेल्यांना दोजो, म्हणजे सरावाची जागा, शोधून देणारं माहिती केंद्रही तिथंच आहे.

सामानाचं थोडक्यात. बो घरीच ठेवावा. सहा शाकूंचा, म्हणजे सुमारे १८२ सेंटिमीटरचा दांडा, आणि बॅगेच्या लांबी-रुंदी-उंचीची बेरीज बहुतेक कंपन्या १५८ सेंटिमीटरच धरतात. तिथल्या दोजोत आधी विचारलं तर बो मिळतो. साई, तोन्फा, नुनचाकू ही शस्त्रं केबिनमध्ये चालत नाहीत, ती खालच्या सामानातच जातात. गी, म्हणजे सरावाचा पोशाख, आणि बेल्ट मात्र हातातल्या बॅगेत. मोठी बॅग मागं राहिली तरी सराव चुकत नाही.

येताना मी टोकियोमार्गे येणं पसंत करतो. १९२२ मध्ये गिचिन फुनाकोशी ओकिनावाहून टोकियोला प्रात्यक्षिक दाखवायला गेले आणि तिथंच राहिले. कराटे साऱ्या जपानभर पसरायला तिथून वेग आला, आणि आपल्याकडच्या क्लासांत शिकवल्या जाणाऱ्या कितीतरी काता त्याच बाजूनं आलेल्या आहेत. जाताना तायपेई, येताना टोकियो असं मल्टी-सिटी तिकीट थोडं महाग पडतं. पण जपान सोडताना कस्टमसाठी सामान पुन्हा घ्यावं लागत नाही, एका तिकिटावर बॅगा बहुधा थेट मुंबईला निघतात, आणि नाहाहून सकाळचं विमान धरलं तर आदल्या संध्याकाळचा शेवटचा वर्गही पुरा करता येतो.