300 लिटर पाणी आणि चार माणसं

कडक सूटकेस आणू नकोस, असं मी नाशिकला तीनदा सांगितलं होतं. कापडी, घडी होणारी बॅग आण. 36 फुटी बोटीवर कपाट म्हणजे बाकाखालचे कप्पे. सूटकेस रिकामी झाली तरी ती ठेवायची कुठे? तरी लंकावीच्या जेटीवर तो चार चाकांची भलीमोठी निळी सूटकेस ओढत आला. "अगं, तुमचंच सामान आहे त्यात," म्हणाला. होतंही. दोन किलो भाजणी, गोडा मसाला, कुकरची रिंग आणि मी ऑनलाइन मागवून त्याच्या पत्त्यावर पाठवलेले दोन इंपेलर. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी ओढणारा एक पंप असतो, त्यातलं हे रबरी चक्र. बोटीवर राहणाऱ्यांसाठी पाहुणे म्हणजे कुरियरही असतात. पुठ्ठ्याचे खोके मात्र जेटीवरच फेकून दिले, कारण त्यांच्या घड्यांमधून झुरळांची अंडी बोटीवर येतात.

नाशिक आणि लातूर ही माणसं आहेत. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलपासून आम्ही एकमेकांना गावाच्या नावाने हाक मारतो. मी अलिबाग, त्यामुळे "अलिबागहून आलीयेस का" हे चार वर्षं ऐकून घेतलं. पुढे नाशिक आणि लातूरने लग्न केलं, आता वाकडला असतात. मी आणि माझा नवरा दोन वर्षांपासून मलेशियात, लंकावी बेटाच्या आसपास, एका जुन्या शिडाच्या बोटीवर राहतो. काम पुण्यातल्याच कंपनीचं. इथलं घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे असल्याने सकाळ आपली असते. बोटीवर का, परवडतं कसं, मुलंबाळं कधी, ही उत्तरं नातेवाइकांना देऊन संपली आहेत.

आपल्याकडे पाहुण्याला पहिलं वाक्य सांगतात, "संकोच करू नका, घरच्यासारखं राहा." बोटीवर नेमकं तेच म्हणता येत नाही. पहिल्या अर्ध्या तासात मी दोघांना टॉयलेट शिकवलं. हाताने दांडा मारायचा, समुद्राचं पाणी आत येतं. मग कळ फिरवून पुन्हा मारायचा, वीस वेळा, मोजून. जे पोटातून आलेलं नाही ते आत टाकायचं नाही. इथे आपल्या लोकांचा एक मोठा फायदा आहे. युरोपातले पाहुणे कागद टाकून नळी तुंबवतात, आपण मग मागतो. फक्त मग समुद्राच्या पाण्याने भरायचा.

कारण गोड्या पाण्याची टाकी 300 लिटरची. आम्ही दोघं त्यात दोन आठवडे काढतो. चौघांत, सवय नसलेल्या हातांनी, ती चार दिवसांत तळ गाठते. आंघोळ म्हणजे समुद्रात उडी, शिडीवर बसून साबण, पुन्हा उडी आणि शेवटी दोन लिटर गोडं पाणी अंगावर. नाशिकने पहिल्या दिवशी नळ सुरू ठेवून दात घासले. पंप आवाज करतो, त्यामुळे नळ कोणी उघडला, किती वेळ उघडला, हे सगळ्या बोटीला कळतं. मी आतून ओरडले, "नळ!" पाहुण्यावर असं ओरडणं माझ्या आजीला पाहवलं नसतं.

लातूरला काही सांगावं लागलं नाही. चार ताटं, कुकर आणि कढई तिने एका तांब्यात विसळली, तीही आधी समुद्राच्या पाण्याने घासून. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते तिचं गाव. नाशिक तिला म्हणाला, "घरी तर शॉवर घेतेस." "घरी टँकर सोसायटी मोजते," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी खरं भांडण झालं, आणि ते पाण्यावरून नव्हतं.

नाशिकने पाच दिवसांची सुट्टी एका बेटासाठी घेतली होती. थायलंडचं को लिपे, इथून साधारण 30 सागरी मैल, सहा तासांचा प्रवास. लंकावीचं पाणी गढूळ हिरवं. त्याला फोटोतलं निळं पाणी हवं होतं, आणि ते लिपेला आहे. जानेवारीत इथे ईशान्येचा वारा असतो. अंदाज सांगत होता की गुरुवारपासून तो 20–25 नॉट होईल आणि रविवारपर्यंत तसाच राहील. जाता आलं असतं. परत कधी येता येईल ते सांगता येत नव्हतं, आणि त्यांचं विमान रविवारी दुपारी होतं. शिवाय लातूरला खाडीतल्या शांत पाण्यातही बोट लागली होती. ॲव्होमिन घेऊन ती क्षितिजाकडे बघत बसलेली.

"व्होटिंग घेऊ," नाशिक म्हणाला. हॉस्टेलमध्ये आम्ही सगळं मतदानाने ठरवायचो, अगदी मेस बदलायचीसुद्धा. मी म्हटलं, इथे व्होटिंग नसतं. बोटीच्या कागदांवर कॅप्टन म्हणून माझं नाव आहे, आपण जात नाही. त्याने माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "मला नको बघूस, मी स्वयंपाकी." नाशिक हसला नाही. "तू बॉस झालीस गं," म्हणाला आणि पुढच्या केबिनमध्ये जाऊन पडला. तिथलं दार लागत नाही, त्यामुळे तो जागा आहे हे कळत होतं.

17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली. अमावास्येला घरी पोचायची घाई असलेली 600 हून जास्त माणसं गेली. आमच्याकडे ही गोष्ट सांगत सांगतच मुलं मोठी होतात. मी ती त्याला सांगितली नाही. जुन्या मित्राशी वाद घालताना एवढे मेलेले लोक मध्ये आणणं बरं नव्हे.

गुरुवारी नांगर उचलून आम्ही जवळच्याच दायांग बुंटिंग बेटाच्या आडोशाला गेलो. शीड नाशिकने ओढलं, न बोलता, पण नीट. तिथे समुद्राला लागून गोड्या पाण्याचं तळं आहे. मध्ये फक्त खडकाची अरुंद भिंत. बेटाच्या नावाचा अर्थ गरोदर स्त्री, आणि तळ्याचं पाणी प्यायल्याने दिवस जातात अशी समजूत. लातूरने तोंड घट्ट मिटून उडी मारली. सासूबाईंना एवढ्यात खूश करायचं नव्हतं तिला. दोघं दीड तास पाण्यात होती. माकडांनी नाशिकचा चिप्सचा पुडा पळवला तेव्हा तो दोन दिवसांत पहिल्यांदा हसला.

शनिवारी पहाटे मी वर आले तर पाणी तेलासारखं सपाट. वारा शुक्रवारी रात्रीच पडला होता. अंदाज चुकला होता. नाशिक आधीच कॉकपिटमध्ये चहा घेऊन बसला होता. आम्ही दोघांनीही क्षितिजाकडे पाहिलं. "आता गेलो तर?" त्याने विचारलं. आता वेळ उरला नव्हता, आणि ते त्यालाही माहीत होतं. गुरुवारी हाती होतं ते पाहून मी आजही तेच ठरवेन. पण त्या सपाट पाण्यासमोर हे म्हणणं अवघड होतं. मी त्याला दुसरा चहा ओतला.

रविवारी निळी सूटकेस ड्यूटी-फ्री चॉकलेटांनी भरून परत गेली. नाशिकने फोनवर वाऱ्याचं ॲप टाकलंय. अधूनमधून आमच्या ग्रुपवर लिपेचा स्क्रीनशॉट येतो: "आज जमलं असतं." मी "हो" लिहिते. कधी कधी, "नाही, झोत बघ."