देवाच्या हवाली

झेलमच्या काठी थंडी मी म्हणत होती आणि पांघरायला काही नव्हतं. तेव्हा त्या दोघा भावंडांनी वाळूत दोन खड्डे खणले, त्यांत शिरून कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली आणि फक्त डोकी बाहेर ठेवली. त्यातली बहीण म्हणजे पंडिता रमाबाई. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे, आणि तेही कसलाही आक्रोश न करता.

त्याआधी दुष्काळाने घर बसवलं होतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान. पुराणं सांगत, तीर्थं करत कुटुंब दक्षिणेत फिरत होतं. पुंजी दानधर्मात गेली, मग दागिने गेले, भांडी गेली. अखेर कित्येक दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर निघाले. 1874 मध्ये वडील गेले. त्यांची दृष्टी तोवर गेलेली होती. सोळा वर्षांच्या धाकट्या लेकीला जवळ ओढून त्यांनी सांगितलं की तुला मी देवाच्या हवाली केलं आहे, तू त्याची आहेस, त्याचीच सेवा कर. द्यायला घरात दाणा नव्हता, आणि म्हातारा लेकीला एवढं देऊन गेला. खांदेकरी मिळाले नाहीत. भावाने वडिलांचा देह धोतरात बांधून एकट्याने वाहून नेला. मग आई गेली, मोठी बहीण गेली.

‘देवाची इच्छा’ हे शब्द आपल्याकडे फार लवकर बोलले जातात. समाचाराला आलेला माणूस उंबऱ्यातच ते उच्चारतो. ज्याच्या घरात प्रेत आहे त्याला त्या क्षणी ते टोचतात, आणि टोचावेतच. रमाबाईंनाही ते सोपे गेले नाहीत. उपास, व्रतं, तीर्थस्नानं करूनही आईबाप अन्नावाचून गेले, हे पाहिल्यावर दोघा भावंडांची जुनी श्रद्धा ढासळली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. कडेवर लेक मनोरमा. पुढे इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यावरून महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं ते सर्वांना ठाऊक आहे. मला त्या वादापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. वडिलांचे ते शेवटचे शब्द त्यांनी टाकले नाहीत. धर्म बदलला, पण हवाली केल्याची ती जाणीव जन्मभर तीच राहिली.

तिची खरी कसोटी 1896-97च्या दुष्काळात लागली. मध्य प्रांतातून बातम्या येत होत्या. रमाबाईंची विधवांसाठीची शाळा, म्हणजे पुण्यातलं शारदा सदन, अमेरिकेतल्या मंडळाच्या मदतीवर चाललेलं, आणि त्या मंडळाने दिलेलं दहा वर्षांचं वचन संपत आलेलं. हिशेबाची वही मांडून बसलं असतं तर उत्तर एकच होतं: आहे तेवढं सांभाळा. पण उपासमारीत मुलीचं काय होतं, तिला कोण कशासाठी उचलून नेतं, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. हाडांवर कातडी, केसांत जटा, अंगावर फोड. पुण्यात प्लेगची दहशत, त्यामुळे इतक्या जणींना शहरात ठेवण्याची सोय नव्हती. केडगावला रमाबाईंनी माळावर जमीन घेऊन फळझाडं लावली होती. तिथे राहुट्या आणि झोपड्या उभ्या राहिल्या. ‘मुक्ती’ वसली ती अशी.

रमाबाई पहाटे उठून प्रार्थना करत आणि दिवसभर विहिरींची, धान्याची, मागांची कामं पाहत. पैसा येईल या भरवशावर त्यांनी मुलींना आधी घरात घेतलं, पण पाणी येईल म्हणून आभाळाकडे बघत बसल्या नाहीत. विहिरी खणून घेतल्या. भरवसा ठेवणं म्हणजे हात जोडून बसणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी केडगावचा हा दिनक्रम एकदा डोळ्यांपुढे आणावा. 1900च्या दुष्काळात गुजरातकडच्या मुली आल्या, तेव्हाही दार लागलं नाही. मुली शिवण, विणकाम शिकल्या. छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. आंधळ्या मुलींची बोटं ब्रेलवरून फिरू लागली.

म्हणून काही सगळं मनासारखं झालं नाही. ज्या मनोरमाबाईंच्या हाती हे सोपवायचं, त्याच 1921 मध्ये आईच्या आधी गेल्या. त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही, आणि असल्याचा आव कोणी आणला तर मला तो सहन होणार नाही. रमाबाई काम करत राहिल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी हाती घेतलेलं बायबलचं मराठी भाषांतर पुरं केलं. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या.

सध्या ज्यांचे दिवस कठीण आहेत, त्यांना मी धीर धरा असं सांगणार नाही. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं. जमलं तर एकदा तिथे उतरा. मुक्ती अजून चालू आहे.