करूळ घाटातला खडखडाट

वैभववाडी सोडेपर्यंत गाडीनं कुरकुर केली नव्हती. करूळ घाटाच्या चढाला दुसऱ्या गिअरवर जोर दिला आणि बॉनेटखालून खडखडाट सुरू झाला. ॲक्सिलरेटर सोडला की बंद, दाबला की पुन्हा सुरू. दरी आणि धुकं बायकोनं पाहिलं. माझे कान इंजिनात.

गगनबावड्याला एका गॅरेजवाल्यानं इंजिन निवल्यावर बॅटरी मारून पाहिलं. टर्बोला खालून आधार देणाऱ्या ब्रॅकेटचा बोल्ट तुटला होता, अर्धा तुकडा इंजिनच्या ब्लॉकमध्येच. "टर्बो काय लगेच पडत न्हाई, पर भार सगळा मॅनिफोल्डच्या स्टडवर आलाय." जोडावर बोट फिरवून त्यानं काजळी तपासली. नव्हती, म्हणजे धूर गळत नव्हता. "बेतानं जावा." कोल्हापूर पंचावन्न किलोमीटर. एसटीवाले हॉर्न मारत पुढं जात राहिले.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तुटका बोल्ट म्हणजे रोजचंच काम. उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर मिस्त्रींनी हातातही घेतला नाही: तो कडक पोलादाचा, आत मोडला तर ड्रिलसुद्धा लागत नाही. बोल्टचे दोन आटे बाहेर होते. बॅटरीची वायर काढून, त्या आट्यांवर नट ठेवून त्यांनी नटाच्या पोटात वेल्डिंग भरलं. लाल झालेलं काळं पडू दिलं. मग पाना लावून थोडा उलटा, थोडा सुलटा, तेलाचा थेंब, परत उलटा. कुंईऽ करत तुकडा बाहेर आला.

तुटलेली बाजू पाहण्यासारखी होती. बहुतेक भाग काळपट, गुळगुळीत. एका कडेला तेवढा रवाळ, चकचकीत पट्टा. म्हणजे चीर जुनी, घाटात फक्त शेवटचा धागा तुटला. टर्बोकडची बाजू कित्येक शे अंश तापते, ब्लॉक शंभराच्या आसपास. ब्रॅकेट दोन्हींमध्ये अडकलेला. त्यात मागे टर्बो उतरवला तेव्हा कुणीतरी न जुळणारा ब्रॅकेट बोल्टनंच ओढून बसवला असावा, असं मिस्त्रींचं मत. मला ते पटलं.

त्यांनी भोकात टॅप फिरवला, डोक्यावर १०.९ कोरलेला बोल्ट घेतला. ब्रॅकेटचे बाकीचे बोल्टही सैल केले, सगळे आधी हातानं लावले आणि मगच आवळले.

तुमच्या गाडीचा टर्बो कधी उतरवावा लागला, तर परत बसवताना ब्रॅकेटचे बोल्ट हातानं लागतायत ना, हे उभं राहून पाहा.